शिष्यवृत्तीची बैठक

प्रिय मामा,

तुम्हाला पत्र लिहायची ही माझी पहिलीच वेळ. तुम्ही होतात तेव्हा तशी गरजच पडली नाही. निफाडला फोन लावायचा, मामींनी तो उचलायचा, 'थांब, देते' म्हणायचं आणि मागच्या दारात उभं राहून मळ्याकडे तोंड करून तुम्हाला हाका मारायच्या, असा आपला रिवाज. परवा मी सवयीने फोन लावला. मामीही सवयीने 'थांब, देते' म्हणाल्या. मग दोघींच्याही लक्षात आलं आणि आम्ही फोन ठेवून दिला.

म्हणून हे पत्र.

काम काय होतं सांगू? आपल्या समाजाच्या ज्या शिक्षण मंडळाने मला वकिलीसाठी शिष्यवृत्ती दिली, त्याच मंडळाने आता मला शिष्यवृत्ती समितीवर घेतलंय. रविवारी पहिली बैठक आहे. मुलं-मुली पालकांना घेऊन येणार आणि मी टेबलाच्या पलीकडे, मंडळाच्या बाजूला बसायचं. मान मोठा आहे. आनंद व्हायला हवा होता ना? पण तुम्हाला सांगितल्याशिवाय मला आनंद करताच येत नाही, हे कोणाला सांगू?

तो उन्हाळा आठवतो का मामा? बारावी झाली होती. एकलहऱ्याच्या कॉलनीतल्या आमच्या दोन खोल्यांत एकाच आठवड्यात दोन पत्रं आली. एक पुण्याच्या एका नव्या लॉ कॉलेजचं. पाचही वर्षांची फी माफ, पण दरवर्षी पहिला वर्ग मिळवायचा. एकदा जरी हुकला, तरी आधीची माफ केलेली सगळी फी परत. दुसरं पत्र मंडळाचं. नाशिकलाच शिकायचं, फी आणि पुस्तकं मंडळाकडून, पण शिक्षण पुरं होईपर्यंत मुलीने लग्न करायचं नाही. केलं तर सगळे पैसे व्याजासकट परत.

मला पुणं हवं होतं. आईला लग्नाच्या अटीची धास्ती. आणि अप्पा? तुमचे मेहुणे तुम्हाला ठाऊकच होते. आयुष्यभर वीज केंद्रात पाळ्या केलेला सरळ माणूस. कोणी काही फुकट देत असेल तर त्याच्याशी बोलायचं काय, खाली मान घालून सही करायची, असं त्यांचं म्हणणं. पेन घेऊनच बसले होते. कुठल्या कागदावर करायची तेवढंच ठरायचं होतं. शेवटी आईनेच तुम्हाला निरोप धाडला.

तुम्ही आलात, कडक इस्त्रीची टोपी, मागे मोटारसायकलला बांधलेली मेथीची गोणी. दोन्ही पत्रं मला मोठ्याने वाचायला लावलीत आणि मांडी ठोकून म्हणालात, "अटी आल्या म्हंजे बैठक आली. सही मंग."

पंचक्रोशीतल्या किती लग्नांच्या बैठका तुम्ही बसवल्या असतील! मुलीकडच्यांचं बोलणं करायला तुम्हालाच नेत. तुम्ही बसलात की मुलाकडचे सावरून बसत, असं तुम्हीच सांगायचात. तुमची फुशारकी काही कमी नव्हती, मामा. पण शिष्यवृत्तीलाही तुम्ही बैठकच कराल, हे माझ्या स्वप्नातही नव्हतं.

नाशिकला शालिमारजवळच्या मंडळाच्या कार्यालयात आपण गेलो ते वरातीसारखे. तुम्ही, अप्पा, तुमचे दोन चुलतभाऊ आणि मागे ओढणीचं टोक चावत मी. तिथले सचिव निवृत्त मुख्याध्यापक होते. एक मुलगी आणि फार तर तिचे वडील येतील एवढ्याच हिशेबाने त्यांनी खुर्च्या मांडलेल्या. तुम्ही सतरंजी मागितलीत! चहा आला तर कप बाजूला सरकवलात. चहा बोलणं झाल्यावर, म्हणालात. सोयरीक जमायच्या आधी समोरच्याचं काही घ्यायचं नसतं, हा तुमचा नियम. सचिवांना वाटलं, तुम्हाला मधुमेह असेल. त्यांनी बिनसाखरेचा मागवला.

लाजेने मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. एवढ्यात तुम्ही तुमचं ठेवणीतलं वाक्य काढलंत, "पोरगी काय आम्हाला जड नाय झालेली. तुम्हाला पायजे आसंल तर मोकळं बोलू."

मग तुम्ही विचारलंत की ही लग्नाची अट मुलांनाही आहे का. सचिव म्हणाले, नाही. मुलींनाच का, तर मागे दोन मुलींची लग्नं झाली, त्यांनी शिक्षण सोडलं आणि मंडळाचा पैसा वाया गेला. त्यांचंही काही चूक नव्हतं. बिचारे देणग्या गोळा करून चालवत होते.

"मग तुमचं दुखणं शिक्षण सुटण्याचं हाय, लग्नाचं नाय," तुम्ही म्हणालात. "शिक्षण सोडलं तर पैसे परत, आसं लिवा. लग्नाचं आम्ही बघू."

अर्धा तास घोळ चालला. अखेर सचिवांनी जुनी अट खोडली, तुमचं वाक्य नीट मराठीत लिहिलं आणि तुम्ही तो बिनसाखरेचा गार चहा एका दमात प्यालात.

इथवर तुम्ही शूर, मामा. आता पुण्याचं.

पुण्याला लगेच होकार कळवू नका, असं तुम्हीच सांगितलंत. आपली बाजू उतावळी दिसली की समोरचा अटी सोडत नाही, थोडं ताटकळू द्यावं, पेरणी उरकली की पुण्यालाही चौघं जाऊ आणि पहिल्या वर्गाची ती अट सैल करून आणू. अप्पांनी तुमचं ऐकलं. मीही ऐकलं. तुमचं कोण ऐकत नव्हतं? पेरणी उरकली. तुम्ही धुतलेलं धोतर नेसून एकलहऱ्याला आलात आणि निघायच्या आधी अप्पांनी कॉलनीच्या टपरीवरून पुण्याला फोन लावला. पलीकडच्या बाई सभ्यपणे म्हणाल्या, तुमचा होकार आला नाही म्हणून जागा यादीतल्या पुढच्या मुलीला दिली.

कॉलेजवाले वाट बघत नाहीत, हे तुम्हाला कुठून ठाऊक असणार? तुमच्या जगात तर नकार आल्याशिवाय दुसरी सोयरीक बघणं हलकेपणाचं मानत.

तुम्ही उंबऱ्याशीच बसलात. आईने भाकरीचा आग्रह केला तरी उठला नाहीत. मी आत जाऊन पांघरूण घेऊन पडले. बाहेर आल्यावर म्हणाले, नाशिकच बरं, घर जवळ. तुम्ही माझ्या तोंडाकडे बघत राहिलात. नंतर कितीतरी दिवस, भेटलात की आधी तसंच बघायचात.

पुढचं तुम्हाला माहीत आहे, तरी सांगते, सांगायला मला आवडतं. चौथ्या वर्षाला सातपूरचं स्थळ आलं. मुलगा चांगला, घर चांगलं, मला पसंत. पण शिक्षण? ती बैठकही तुमचीच. मानपानाचं सगळं झालं, सुपारी फुटायची वेळ आली आणि तुम्ही हळूच पुडी सोडलीत. "एक बारकी गोष्ट राहिली. पोरगी मंडळाच्या पैशावर शिकू राहिली. शिक्षण मधी सुटलं तर पैसे परत. लग्नानंतर सुटलं तर ते तुमच्याकडं." सासऱ्यांना ती खरंच बारकी वाटली. चार माणसांत हो म्हणून गेले.

शेवटच्या वर्षाला माझी लेक पोटात होती. सासूबाई म्हणाल्या, बस झालं आता कॉलेज. घरात सगळ्यांनाच ते पटलं, खरं सांगते, दमून गेल्यामुळे थोडं मलाही पटलं होतं. तर सासरेच कंपनीतून पाळी करून आले आणि म्हणाले, तिच्या मामापुढे शब्द दिलाय, पैसे कोण भरणार? परीक्षेला रोज त्यांनी स्वतः स्कूटरवर नेलं आणि पेपर होईस्तोवर बाहेर लिंबाखाली थांबले. मंडळाने जी अट माझ्यावर घातली, तीच तुम्ही माझ्या सासरच्यांवर घातलीत! आज कोर्टात मी नवरा-बायकोंच्या तडजोडी लिहिते, तेव्हा असा एखादा बारीकसा मुद्दा हळूच घालते. समोरचे वकील म्हणतात, मॅडम, हे कुठे शिकलात? मी म्हणते, निफाडला.

हे सगळं मी तुम्हाला वेळोवेळी सांगितलं होतं. ऐकून तुम्ही खूश व्हायचात, मिशीवरून हात फिरवायचात. आणि तरी निघताना तसंच बघायचात. का, ते मला तुमच्या दहाव्याला कळलं.

गोदाकाठी विधी चालले होते आणि रीतीप्रमाणे माणसं उठून चार शब्द बोलत होती. त्यात विंचूरकडचे एक वयस्क गृहस्थ होते. त्यांच्या घरच्या दोन लग्नांत, एक माझ्या बारावीच्या आधीचं आणि एक नंतरचं, तुम्ही समोरच्या बाजूला होतात. ते म्हणाले, "या माणसाची एक गंमत होती. पैल्या लग्नाला आम्हाला म्हयनाभर लटकवलं. दुसऱ्या टायमाला उठताना हात धरून विचारतो, कवापर्यंत कळवू? म्हटलं, अहो, तुम्ही मुलीकडचे, सावकाश कळवा. तर म्हणे, नाय, दिवस सांगा, पोरीचं नुकसान नको." माणसं हसली. मामीही पदराआड हसल्या. दुसऱ्या एकानेही मान डोलावली, त्यालाही तुम्ही असंच विचारलं होतं.

मला हसू आलं नाही, मामा. म्हणजे पुणं तुम्ही कधीच विसरला नव्हतात. प्रत्येक परक्या मुलीच्या बैठकीत तुम्ही ते माझं पुणं घेऊन बसत होतात. आणि माझ्याशी मात्र एक अक्षर नाही! का नाही बोललात? मी रागवावं, एकदाचं तोंड सोडावं, याची वाट बघत होतात का? मग घ्या, आज रागावते. मला पुणं फार हवं होतं. कोणी ओळखत नसलेल्या गावात एकटीने राहायचं होतं, वसतिगृहाच्या खोलीत माझी स्वतःची खिडकी हवी होती. अजूनही पुण्याला गेले की त्या कॉलेजच्या रस्त्याने जाताना वसतिगृहाच्या खिडक्या मोजते. तुमच्या रुबाबापायी ते गेलं.

झालं. रागावले. आता या ना एकदा. उंबऱ्याशी नका बसू, आत या, मी भाकरी टाकते. तुम्ही जेवा आणि सातपूरच्या बैठकीची तीच गोष्ट चढवून चढवून पुन्हा सांगा. मला तुमची फुशारकी ऐकायची आहे. दुसरं काही नको.

रविवारी येणाऱ्यांत पहिली मुलगी पेठकडची आहे. सुट्टीत आईबापांबरोबर द्राक्षबागांत मजुरी करून शिकलेली. तिला वकील व्हायचंय. दोन ठिकाणांहून शिष्यवृत्ती कळवलीय, त्यातलं एक आपलंच मंडळ, आणि दोन्हीकडे अटी आहेत. काल वडिलांना घेऊन मंडळाच्या कार्यालयात चौकशीला आली होती. वडील दारातच उभे राहिले. मी बसा म्हटलं तरी बसेनात. मला म्हणाले, "बाई, आंगठा कुठं लावू तेवढं दाखवा."

अप्पांचं पेन आठवलं मला. आणि आपल्यासोबत तुम्ही होतात, त्या माणसासोबत कोणीच नाही, हेही दिसलं.

मामा, मंडळाच्या अध्यक्षांना मी उद्या सकाळी सांगणार आहे की समितीतली माझी खुर्ची दुसऱ्या कोणाला द्या. त्यांना राग येईल, घरी आईही बोलेल. येऊ दे. रविवारी मी त्या मुलीच्या आणि तिच्या वडिलांच्या मध्ये बसेन. दोन्हीकडच्या अटी मोठ्याने वाचेन. होकार कधीपर्यंत कळवायचा, हे सगळ्यात आधी विचारेन. आणि माझ्या आवाजात जमेल तितकं ठासून म्हणेन, पोरगी आम्हाला जड नाही झालेली.

तुमची,
मनी