तंबूत घेतलेलं नाव

आई, कवठे महांकाळच्या बाजारतळावर, तंबूत आपण पाहिलेला तो लढाईचा सिनेमा आता ऐंशी वर्षांचा झाला. नातू आज तो घरीच लावणार आहे आणि मी सकाळपासून नुसती नाचते आहे. गुडघे गेले चुलीत!

तेव्हा आबा खऱ्या लढाईवर होते आणि कित्येक महिने त्यांची खुशाली कळली नव्हती. "लढाई कशी असती, बघू तरी," म्हणून तू मला घेऊन गेलीस. पडद्यावर गोळ्या सुटतात आणि एक मिशीवाला शिपाई ताठ उभा. थेट आबाच! तू ओरडलीस, "आवं, खाली बसा की!" सिनेमा रंगात आला म्हणून पुढं उभे राहिलेले गडी मुकाट खाली बसले. सगळा तंबू खो-खो हसला. शिपाई मात्र बसेना. मग तू आबांना चक्क नावानं हाक मारलीस, साऱ्या गावासमोर! आबांना नाव असतं हेच मला तोवर माहीत नव्हतं.

नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य घटतं, असं आजीनं तुला बजावलेलं. घरी येताना तू तोंडावर पदर दाबून म्हणालीस, "म्याच त्यास्नी मारलं गं." त्या दिवसापासून तुला घास गिळेना.

लढाई संपली आणि पलटणीची गाडी मिरजेला आली. काय ती गर्दी! सगळ्यांचा वेष एक, मिशाही एकसारख्या. तू "आवं, आवं" म्हणतेस आणि निम्मा फलाट मागं वळून बघतो. आबा तर पाठमोरे पुढं चाललेले. तू माझा दंड धरलास, "तू मार की हाक, तुला ठावं हाय नाव!"

मी बेंबीच्या देठापासून ओरडले. आबा वळले, मला उचलून म्हणाले, "नाव कुनी सांगितलं गं?"

"आयनं! खाली बसा म्हनून वरडली शिनेमात!"

आबांनी तुझ्या पांढऱ्याफटक तोंडाकडं पाहिलं. "तरीच! तिकडं ऐकू आलं मला. खाली बसलो, अन् गोळी डोक्यावरनं गेली."

तू फलाटावरच मटकन बसलीस, रडत आणि हसत. रात्री पोटभर जेवलीस.

मी मोठी झाल्यावर आबांनी मला सांगितलं, की ते लढाईभर पलटणीच्या लंगरात रोट्या भाजत होते, गोळी कुठली! "तुज्या आयला बोलू नगंस," म्हणाले.

हे पत्र तुझ्या फोटोपुढं ठेवणार होते. नाही ठेवत. शेजारीच आबांचा फोटो आहे, ते बघतील.