तुमच्या रानाची पाहणी

प्रिय आप्पा,

आज तुमच्या रानात ज्वारीची पाहणी करून आले. यंदाही हस्ताचा पाऊस आला नाही. दादाने उरल्यासुरल्या ओलीवर पेरलं, ते गुडघ्याएवढं होऊन थांबलंय. बांधावर उभी राहिले आणि तुमच्यावरचा राग पुन्हा वर आला. म्हणून लिहिते आहे.

तुम्ही जाण्याआधीही असंच झालं होतं. मंगळवेढ्याची काळी जमीन, त्यात तुमच्या ज्वारीचं तालुक्यात नाव! मी कृषी सहायक म्हणून गावकऱ्यांसोबत पाहणीला आले, तेव्हा तुम्ही मला बाजूला घेतलंत. "बाकीच्यांचं काय लिवायचं ते लिव. माझं पीक बरं हाय म्हणून लिव."

"आप्पा, कणीस पानाच्या पोटरीतच अडकलंय, बाहेरच पडलं नाही. दाणा कुठंय?"

"भरंल की."

कशानं भरणार होतं? जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा होत्या. मी दिसलं ते लिहिलं. पावसाअभावी पीक वाया.

तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, "ही माझी लेक न्हाय. सरकारची हाय."

त्या वर्षीच्या वेळ अमावास्येला त्याच वाळल्या पिकाची तुम्ही पूजा केलीत. सगळी भावकी रानात जेवली. मला बोलावणं नव्हतं. आई तुम्हाला चोरून माझ्या घरी डबा घेऊन आली.

पुढं सोलापूरच्या दवाखान्यात तुमच्या उशाशी मीच होते. मी पाण्याचा पेला धरला, तर भिंतीकडे तोंड फिरवून म्हणालात, "थोरल्याला बोलवा. तहान लागलीया." दादा खाली चहाला गेला होता. तो येईपर्यंत तुम्ही तसेच तहानलेले पडून राहिलात. इतका राग, आप्पा?

आभाळच आलं नाही, त्यात तुमचा काय कमीपणा होता? मी पावसाबद्दल लिहिलं होतं, तुमच्याबद्दल नव्हे. तुम्ही गेलात आणि लोक म्हणाले, "म्हाताऱ्यानं मनाला लावून घेतलं." ते मला अजून ऐकावं लागतं.

आज दादा म्हणाला, "तायडे, जे हाय ते लिव." एवढंच. तुम्हाला एवढं बोलणं जमलं नाही.

मी बदली मागणार नाही. या रानाची पाहणी मीच करत राहीन. वाळलं तर वाळलं लिहीन. आणि ज्या वर्षी पाऊस होईल, कणसं दाण्यांनी वाकतील, त्या वर्षी तेही माझ्याच हातानं लिहीन. तुम्हाला पटो न पटो.

तुमची,
सुरेखा