जिवंत इंजिनाचा कान

मी, मुंजाबा बिरू शिंगाडे, वय एकाहत्तर, धंदा लहान इंजिनांची दुरुस्ती, मूळ गाव पिशोर, तालुका कन्नड, हल्ली राहणार चिकलठाणा, छत्रपती संभाजीनगर, आज स्वखुशीने हे मृत्युपत्र लिहून ठेवत आहे. मला कोणी धमकावलेले नाही, नशापाणी केलेले नाही, आणि काय लिहितो आहे ते मला पुरते कळते. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. त्यात त्यांनी ‘प्रकृती वयाच्या मानाने ठीक’ असा शेरा मारला आहे. हल्लीची इंजिने असा शेरा मिळण्याइतक्या वयाला पोचतच नाहीत, तेव्हा मी तो मानाचा समजतो.

याआधी मी एक मृत्युपत्र केले होते. त्यात दुकानासकट सगळे माझा मुलगा बद्रीनाथ याच्या नावावर होते. ते मी रद्द करत आहे. का रद्द केले, हे त्याला माहीत आहे, पण उद्या नातेवाईक विचारतील तेव्हा तो सांगणार नाही, म्हणून मीच सांगतो.

कलम १. राहते घर व त्यातील सर्व चीजवस्तू माझी पत्नी राजाबाई हिला द्याव्यात. तिच्या पश्चात घर बद्रीनाथचे. राजाबाईने माझ्याशी सगळा संसार पेट्रोलच्या वासात केला. हात हुंगून पाहिल्याशिवाय तिने मला कधी भाकरी वाढली नाही. अंगणातले पाण्याचे इंजिन मीच बसवलेले आहे आणि तिच्या हयातीत ते कोणी बदलू नये. सवलतीत नवे मिळते आहे असे बद्रीनाथ सांगेल. तेव्हा त्याला चहा द्यावा आणि वाटेला लावावे.

कलम २. बँकेत जी काही शिल्लक असेल ती राजाबाईची. यावर जास्त लिहिण्यासारखे काही नाही.

कलम ३. आता दुकान. इथे थोडे मागे जावे लागेल.

माझे वडील बिरू मेंढरे राखायचे. पिशोरहून उतरून ते चिकलठाण्याच्या कारखान्यांच्या कडेकडेने चरायला यायचे. एका कारखान्याच्या साहेबाने आवारात मखमलीसारखे गवत लावले. आमच्या मेंढ्यांना ते आवडले. साहेबाने वडिलांना फाटकाबाहेर काढले आणि तेच गवत कापायला बसून चालवायचा छोटा ट्रॅक्टर आणला. मेंढ्या जे काम फुकट करत होत्या आणि वर खतही देत होत्या, ते काम करायला हे यंत्र पेट्रोल पीत असे. पावसाळा संपायच्या आत ते बंद पडले. मी तेव्हा लग्न झालेला बाप्या होतो. वडिलांचा अपमान करणारे यंत्र आतून कसे दिसते ते बघावे, म्हणून मी आत गेलो. तिथे जहांगीर मिस्त्री ते उघडून बसले होते. मला पाहून म्हणाले, “खडे क्या हो, पाना पकडो.” तो पाना मी नंतर खाली ठेवलाच नाही. पुढे आम्ही दोघांनी मिळून हे दुकान टाकले, आणि मिस्त्री गेले तेव्हा त्यांचा हिस्सा मी रीतसर विकत घेतला.

आमच्या घराण्यात मेंढीच्या डाव्या कानाला दोन खाचा पाडतात. कोणत्याही कळपात मेंढी मिसळली, तरी त्या खुणेवरून आमची ओळखू येते. मी ती खूण इंजिनांवर आणली. सिलिंडर गार राहावा म्हणून त्याच्या अंगावर ज्या ओतीव पट्ट्या असतात, त्यांना फिन म्हणतात. इंजिन मनासारखे झाले की मी त्याच्या डाव्या वरच्या फिनला कानशीने दोन खाचा घालतो. खुणेचे इंजिन पुन्हा बिघडले, तर त्याची मजुरी घ्यायची नाही. ते आमच्या कळपातले झाले.

दुसरी रीतही मेंढरांचीच. राखणीला दिलेली मेंढी मेली, तर राखणदाराने तिचा कान कापून मालकाला आणून दाखवायचा. नाहीतर मेंढी मेली की विकून खाल्ली, हे मालकाला कसे कळणार? तसे, खुणेचे इंजिन खरोखर संपले, तर गिऱ्हाईक त्याचे फिन तोडून आणून देते आणि ते मी दुकानातल्या तारेत ओवतो. त्या तारेवर फार फिन नाहीत. आमच्यात कान दाखवला की पुढे प्रश्न विचारत नाहीत. कानावर खोटे बोलणाऱ्याला वडिलांच्या वेळी कळपाजवळ उभे करत नसत.

बद्रीनाथने जालना रोडला शोरूम काढले. तिथे तो गवत कापायची नवी यंत्रे विकतो. ती दिसायला देखणी आहेत आणि त्यांना पाणी पिण्याचा पेला ठेवायलाही जागा केलेली आहे. आत मात्र दातेचाक प्लास्टिकचे. सिलिंडर झिजला तर आतून तासून, म्हणजे बोअर करून, मोठा पिस्टन घालावा, तर आत स्लीव्हच, म्हणजे लोखंडी अस्तरच नाही. बिघडले की फोन लावायचा. फोनवर एक बाई गोड आवाजात सांगते की आपला फोन आमच्यासाठी मोलाचा आहे. यंत्र मोलाचे केले असते, तर बाई ठेवावी लागली नसती.

फर्दापूरला कारभारी नावाच्या माझ्या गिऱ्हाइकाचे लॉज आहे. त्याच्या हिरवळीवर लग्ने लागतात. त्याच्याकडे माझ्या खुणेचा लॉन ट्रॅक्टर होता. गेल्या हिवाळ्यात बद्रीनाथ दुकानात आला आणि रुमालातून फिन काढून माझ्या हातात ठेवले. त्यावर दोन खाचा होत्या.

“आबा, फर्दापूरचं गेलं बघा. कान आणलाय.”

मी विचारले नाही. फिन तारेत ओवले आणि त्या दिवशी जेवलो नाही. राजाबाई म्हणाली, “अवो, मानूस मेलं का काय?” मी म्हटले, जवळजवळ.

जहांगीर मिस्त्रींची मुलगी जाहेदा माझ्याबरोबर दुकान चालवते. पुढे ती चांदपाशाच्या भंगारात व्हॉल्व्ह शोधायला गेली. तिथे तिला तोच ट्रॅक्टर दिसला. डावे वरचे फिन तुटलेले होते. ती परत आली, तारेवरचे फिन काढून घेऊन गेली आणि तुटल्या जागी लावून पाहिले. अगदी बसले. तिने कार्बोरेटरमधला कचरा काढला, चांदपाशाने दुसऱ्या गाडीची बॅटरी जोडली आणि मला फोन करून बोलावून घेतले. माझ्यासमोर तिने चावी फिरवली. इंजिनाने काळा धूर आणि फर्दापूरचे थोडे वाळके गवत ओकले, आणि मग शांतपणे चालू लागले.

जाहेदा म्हणाली, “चाचा, हे मेलंच नव्हतं. जित्याचाच कान तोडलाय कुणीतरी.”

मी तिथेच भंगारावर बसलो. मला राग आला होता, पण त्याहून जास्त वाईट वाटले. मुलगा माझ्याशी खोटे बोलला असता, तर मी विसरलो असतो. तो कानावर खोटे बोलला.

बद्रीनाथला विचारले तेव्हा त्याने लपवले नाही. म्हणाला, “आबा, तुमची इंजिनं मरतच नायत. ती मेल्याबिगर माझी खपायची कशी? कारभारीला म्हनलं, हे गेलं, नवं घ्या. त्यात काय एवढं?” आणि वर खिशातून चकचकीत कागदी शिक्का काढून दाखवला. आमच्या दोन खाचा त्याने सोनेरी रंगात छापून आणल्या होत्या. त्या तो नव्या यंत्रांवर चिकटवणार होता. “ब्रँड हाय आबा ह्यो. तुमच्या माघारी दुकान पाडून तिथंबी शोरूमच काढतो.”

माझ्या बापाच्या मेंढ्यांचा कान प्लास्टिकच्या झाकणावर चिकटणार, हे मी जिवंत असताना मला दिसले. त्याच आठवड्यात जुने मृत्युपत्र फाडले.

कारभारीच्या नव्या यंत्राचे पुढे काय झाले तेही नोंदवतो. दातेचाक लग्नाच्या मोसमातच झिजले. हिरवळ गुडघ्याएवढी वाढली आणि एका वराची मोजडी तीत हरवली. फोनवरच्या बाईने संपूर्ण यंत्र बदला असे सुचवले. शेवटी कारभारीने मेंढ्या लावल्या. म्हणजे आमचे घराणे एवढे हिंडून जिथे होते तिथेच आले.

कलम ४. म्हणून, दुकान, जागा, सर्व हत्यारे, फिनांची तार, ती कानस, आणि दोन खाचांची खूण वापरण्याचा एकमेव हक्क मी जाहेदा जहांगीर हिला देत आहे. परक्या घरातली, आणि तीही बाई, अशी कुजबुज होईल. कळप जो राखतो त्याची खूण, एवढेच मला ठाऊक आहे. बद्रीनाथने किंवा अन्य कोणीही ही खूण छापू, चिकटवू किंवा रंगवू नये. खूण फक्त कानशीने घालायची असते, आणि ती घातली की फुकट दुरुस्तीची जबाबदारी येते. ती जबाबदारी सोनेरी शिक्क्यावर येत नाही.

कलम ५. दुकानाच्या माळ्यावर झिजलेल्या प्लास्टिक दातेचाकांचे पोते आहे. जी कंपनी लहान इंजिनाच्या पोटात असे दातेचाक घालते, तिच्या बड्या साहेबाला ते भेट म्हणून द्यावे. कोणत्या कंपनीला, असा पेच पडल्यास सर्वांना थोडे थोडे वाटावे. पुरेल.

कलम ६. फर्दापूरचा तो लॉन ट्रॅक्टर मी चांदपाशाकडून विकत घेतला आहे आणि सध्या तो दुकानात चालू स्थितीत उभा आहे. तो मी माझा मुलगा बद्रीनाथ यास देत आहे. चतुराबाईंचे चहाचे हॉटेल दुकानाला लागून आहे. हे कलम ऐकून त्या म्हणाल्या, “मुंजाबाभाऊ, लेकराला तोडू नका हो.” मी तोडत नाही. तोडले असते, तर त्याला काहीच दिले नसते. हा ट्रॅक्टर आमच्या खुणेचा आहे, म्हणजे बद्रीनाथही अजून कळपातच आहे.

अट एकच. ट्रॅक्टर त्याने शोरूमच्या दारात उभा करायचा आणि रोज सकाळी गिऱ्हाइकांसमोर चालू करायचा. बिघडला तर जाहेदाकडे आणायचा, ती मजुरी घेणार नाही. तो खरोखर मेला, तर रीतीप्रमाणे खुणेचे फिन जाहेदाला आणून दाखवायचे. ते दाखवले की बद्रीनाथ मोकळा.

परंतु त्याचे फिन बद्रीनाथने आधीच आणून दिलेले आहे आणि ते पुन्हा तारेवर आहे. इंजिनाला दुसरा कान नाही. तेव्हा हे इंजिन मेले असे माझ्या मुलाला आता कधीच दाखवता येणार नाही, आणि त्याला ते जन्मभर चालू ठेवावे लागेल.

वरील सर्व मजकूर मला वाचून दाखवला, तो बरोबर आहे, आणि मी दोन्ही साक्षीदारांसमोर सही करत आहे. या मृत्युपत्रातून त्यांना काहीही मिळत नाही. दोघांनीही आपण होऊन सही केली.

लिहून देणार : मुंजाबा बिरू शिंगाडे (सही, आणि सहीशेजारी दोन खाचा)

साक्षीदार १ : चांदपाशा नूरमोहम्मद, धंदा भंगार (सही). सही करताना त्यांनी ते इंजिन आपल्याकडे पुन्हा येणार नाही ना, अशी चौकशी केली.

साक्षीदार २ : चतुराबाई, धंदा चहाचे हॉटेल (डाव्या हाताचा अंगठा)

ठिकाण : छत्रपती संभाजीनगर
दिनांक : १२ मार्च २०२४