खालचा बर्थ, खिडकीशी

मांजरी, पुणे
१५ फेब्रुवारी, शनिवार

ती. आत्या,

वाकून नमस्कार करते. दसऱ्यानंतर तुम्ही गेलात, तेव्हापासून मी एक ओळही लिहिली नाही, त्याची आधी माफी मागते. फोन करत होते, पण तुम्ही उचलत नाही. उचललात तर "बरं हाय" म्हणता आणि आईच्या हातात देता. म्हणून पत्र. हे आईकडून वाचून घेऊ नका, चष्मा लावून स्वतः वाचा. अक्षर मुद्दाम मोठं काढते आहे.

इथलं ठीक. मागच्या उसाच्या पट्टीवर बिल्डिंग उभी राहतेय, त्यामुळे तुमच्या खोलीत आता ऊन उशिरा येतं. यांची ॲसिडिटी होती तशीच आहे. तुळशीला मी रोज पाणी घालते, पण तिला माझा हात मानवत नाही. खालची पानं पिवळी पडली आहेत. यवतला तुमची आणि आईची, नणंद-भावजयीची, एकमेकींना सोबत आहे याचं समाधान आहे. तुमचं माहेर तेच माझं माहेर, तेव्हा तुम्ही परक्या घरी गेलात असं मी म्हणू शकत नाही. पण ही खोली रिकामी आहे.

आता बातमी. शेफालीची नववीची परीक्षा संपली की आम्ही विशाखापट्टणमला जायचं म्हणतोय. हे तिच्या डोक्यातून निघालं. समुद्र, डोंगर आणि प्राणी, तिन्ही एकाच गावात हवं म्हणाली.

"समुद्रच बघायचा तर अलिबाग आहे की," हे म्हणाले. "सकाळी निघालं की जेवायला पोचतो."

"बाबा, अलिबागला डोंगर?"

"जाताना घाट लागतो ना."

"आणि प्राणी?"

"तू आणि तुझी आई आहात."

तर असं चालतं रोज जेवताना. पण तिकडचे फोटो बघून हेही तयार झाले. डोंगर समुद्रात पाय सोडून बसल्यासारखे दिसतात. तारेवरच्या पाळण्यात बसून डोंगरावर जायचं आणि वरून सगळा किनारा बघायचा. प्राणिसंग्रहालयाच्या तीन बाजूंना डोंगर आणि चौथीकडे समुद्र आहे. किनाऱ्यावर कासवांची अंडी जपतात आणि पिल्लं निघाली की पहाटे पाण्यात सोडतात. नशीब असेल तर तेही दिसेल. त्या भागात मोठ्या गुहा आहेत, लोक मुद्दाम त्या बघायला जातात. त्या आम्ही गाळल्या. आत अंधार असतो. यांनी सगळं दिवसाउजेडी बसवलंय, दिवे लागायच्या आत हॉटेलवर परत.

इथपर्यंत लिहून उठले, चहा केला, परत बसले. पत्र सहलीचं वाटावं अशी माझी धडपड चालली आहे, हे मलाच दिसतंय.

डॉक्टरांनी ऑक्टोबरात सांगितलं तेव्हा तुम्ही माझ्या शेजारी होतात. शेफालीला अंधारात दिसेनासं होत जाईल, मग कडेचं, मग मधलंही. किती वर्षांत, ते कोणीच सांगू शकत नाही. औषध नाही. मग त्यांनी विचारलं, "नात्यात लग्न आहे का?" मी सांगितलं, "आतेभाऊ-मामेबहीण." त्यावर डॉक्टर म्हणाले की नात्यात शक्यता वाढते, पण नात्याबाहेरही असं होतं. हे ऐकायला तुम्ही थांबला नाहीत. बाहेरच्या बाकावर जाऊन बसलात, पदर तोंडाला लावून. दुसऱ्या दिवशी पिशवी भरली. "वहिनीला बरं नाही," म्हणालात. आईला काहीही झालं नव्हतं.

मला वाटत होतं, तुम्ही आमच्यावर रागावलात. किंवा मी रागावले असेन या भीतीनं गेलात. गेल्या आठवड्यात आईला खोदून विचारलं.

"अगं, त्यांनी देवीपुढं सोडलंय," आई म्हणाली.

"काय सोडलंय? गूळ?"

"गूळ कसला. पोरीचं तोंड. तिचे डोळे बरे व्हईपर्यंत तिचं तोंड बघायचं न्हाई म्हणून."

हे लहान असताना यांना कावीळ झाली, तेव्हा तुम्ही वर्षभर गूळ सोडला होतात, हे मला ठाऊक आहे. यांना नोकरी लागेपर्यंत आंबा सोडलात. जे सगळ्यात आवडतं ते देवीला द्यायचं, तेव्हाच ती ऐकते, असं तुम्हीच मला शिकवलंत. या वेळी गूळ आणि आंबा पुरले नाहीत, म्हणून तुम्ही जे सगळ्यात मोठं होतं ते दिलंत. मला कळलं. राग आला नाही, रडू आलं.

पण आत्या, डोळे बरे व्हायचे नाहीत. तिच्या बाबतीत हे वाक्य मी आज पहिल्यांदा लिहिते आहे, डायरीतसुद्धा कधी लिहिलं नव्हतं. आणि गूळ तुमचा होता. आंबाही तुमचा होता. हे मात्र तुमच्या एकटीचं नव्हतं. तुम्ही तिचं तोंड बघायचं सोडलंत, त्यात तिनं तुमचं तोंड बघायचंही सुटलं. तिला तर कोणी विचारलंच नाही.

नवस मोडा असं सांगायचा मला अधिकार आहे का, याचा मी आठवडाभर विचार करते आहे. देवीवर माझा विश्वास किती, हे मलाच धड माहीत नाही. आणि ज्याचा विश्वास अर्धवट, त्यानं दुसऱ्याला असं सांगावं का? उत्तर सापडलं नाही. तरी लिहिते, कारण काल रात्री जेवताना जे झालं ते तुम्हाला कळायला हवं.

हे म्हणाले, "तीन तिकिटं काढतो."

"चार," शेफाली म्हणाली.

"आजी नाही येणार गं," मी म्हटलं. "तिला प्रवास झेपत नाही."

"तिनं कधी केलाय प्रवास, झेपतो की नाही कळायला?" मग भाताकडे बघत म्हणाली, "आजी माझ्यामुळे गेली ना? आंधळ्या नातीचं करत बसायला नको म्हणून."

हे ताटावरून उठले. मी काहीतरी पुटपुटले, वाढायला लागले. तिला खरं कारण सांगायचं म्हटलं तर तुमचा नवस सांगावा लागला असता, आणि मग तिच्या डोळ्यांवर उद्यापासून तुमच्या नवसाचंही ओझं आलं असतं. ती चार महिने मनात हे धरून बसलीये आणि मला पत्ता नाही. मी आई आहे तिची.

मग तीच म्हणाली, "समुद्र काय, मोबाइलवर पण दिसतो. आजीनं समुद्र कधी बघितलाच नाहीये. पहिल्यांदा बघून तिचं तोंड कसं होतं, ते मला बघायचंय. म्हणून तर समुद्र म्हटलं ना मी."

आत्या, एवढं अंतर कापून ती समुद्र बघायला निघालेली नाही. ती तुम्हाला बघायला निघाली आहे.

अजून एक. परवा तिनं मोरीतली बादली पायानं उडवली. मी बोलायच्या आत म्हणते, "आजी असती तर ओरडली असती, डोळे फुटले का गं तुझे. डॉक्टरांच्या आधी आजीनंच ओळखलं होतं." आणि हसत सुटली. ते शब्द तुम्हाला खात असतील हे मी जाणते. तिला ते बोचत नाहीत. तिला तो ओरडा घरात ऐकू येत नाही, हे बोचतं.

आणि लग्नाचं. तुम्हाला मी दोष देते का? डायरीत एके दिवशी लिहिलं, आत्याची काही चूक नाही. दुसऱ्या दिवशी ते खोडलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा लिहिलं. राग आला होता, नाही कशाला म्हणू. पण तुम्ही तुमच्या भावाला फक्त विचारलं होतंत. दादा विचार करून सांगतो म्हणाले होते. मीच आतून ओरडले, "विचार कसला करताय, हो म्हणा की!" ओटीवरचे सगळे हसले होते. मला तो आवडत होता, आत्या. कोणी माझा हात धरून मांडवात नेलं नाही.

शेफालीनं तेही विचारलं होतं मागे. "तुम्ही दोघांनी लग्न केलं नसतं तर मला हे झालं नसतं ना?" तिच्या बाबानं सांगितलं, "तूच झाली नसतीस." त्यावर ती म्हणाली, "मग केलंत ते बरं केलंत."

ए आत्या, आता तुला तूच म्हणते. लग्नाआधी म्हणत होते तसं. सून म्हणून लिहिण्यासारखं होतं ते लिहून झालं. हे तुझ्या भावाची पोरगी लिहिते आहे.

रात्री तिला बाथरूमला जायला हात लागतो. मी देते, पण माझा धरताना ती अवघडते, एखाद्या पेशंटसारखी चालते. तुझा बिनदिक्कत धरायची. तुला वाटायचं तू तिला नेतेस, तिला वाटायचं ती म्हातारीला नेते, आणि दोघी भिंतीला घासत नीट पोचायच्या. रेल्वेत रात्र काढायची आहे. मला तिथं तू हवी आहेस.

देवीला अदलाबदल चालत असेल तर तुझ्याऐवजी मी चहा सोडते. माझं चहाशी काय आहे ते तुला माहीतच आहे, तेव्हा कमी समजू नकोस. आणि मोडल्याचं जे काही लागायचं असेल, ते मला लागू दे. तिला नाही, तुला नाही.

अजून उजेडात तिला तुझ्या कपाळावरचं गोंदण दिसतं, आत्या. हे दिवस आपण नवसात घालवायला नकोत.

तू बोलली नाहीस तरी आम्ही तुला घ्यायला येऊ. तुझा लेक रणजित येईल, मी येईन. शेफाली गाडीतच बसेल. उतरू का नको, हे तू तिला सांग.

तुझ्या पायाशी बसलेली,
संजू

(डायरीत) उद्या सकाळी: तिकिटं काढताना आत्यासाठी खालचा बर्थ घेणे, खिडकीशी.