सातवं रीळ

सालवड, बोईसर
रविवार, १९ जानेवारी २०२५

तीर्थरूप कमलाकांतदादांना,

अंकुशचा नमस्कार. लुनावरून पालघर-बोईसर रिळांचे डबे नेणारा अंकुश. नाव वाचून पत्र बाजूला ठेवावंसं वाटलं तर ठेवा, पण फाडू नका.

तब्येत कशी आहे? पत्ता मुरब्याच्या तुमच्या पुतण्याकडून, हर्षितकडून मिळवला. तो म्हणाला, काका आता वाणगावला लेकीकडे असतात, गुडघे दुखतात, तरी मासळी निवडायला बाजारात स्वतःच जातात. ऐकून बरं वाटलं. आमचं ठीक चाललंय. तारापूरच्या एमआयडीसीत बत्तीस वर्षं बॉयलरवर काढली आणि गेल्या वर्षी निवृत्त झालो. माझी बायको सपना हिला साखर आहे. मुलगी वसईला नर्स आहे, सणावाराला येते.

पत्राला कारण घडलं ते असं. ‘उतरणीची वाट’ तुम्हाला आठवत असेल. शहाऐंशी सालच्या दिवाळीनंतर आपल्याकडे आला होता. एकच प्रिंट, आणि ती पालघर आणि बोईसर अशा दोन टॉकीजांत चालवायची. पालघरच्या केबिनमध्ये तुम्ही दोन रिळं उतरवायचात, की मी ती लुनाला बांधून बोईसरला पळायचो. उमरोळीला फाटक बंद असलं की बोईसरचं पब्लिक शिट्ट्या मारायचं.

तर त्या पिक्चरची आज कुठेही धड प्रिंट नाही. बोईसर स्टेशनजवळ मेहुल नावाच्या मुलाचं मेडिकल आहे. मुलगा म्हणजे पस्तिशीचा, दोन लेकरांचा बाप. त्याला आणि त्याच्या मित्रमंडळींना जुन्या मराठी सिनेमांचं वेड. कुणी पुण्याचा, कुणी कोल्हापूरचा, सगळे नोकरीधंदा सांभाळून हे करतात. मेडिकलच्या वरच्या खोलीत त्यांनी एक यंत्र बसवलंय. आपल्या प्रोजेक्टरसारखंच फिरतं, पण उजेडासाठी जळणाऱ्या कार्बनच्या कांड्यांच्या जागी थंड दिवा आणि पडद्याच्या जागी कॅमेरा. फिल्मचं एकेक चित्र सरकतं आणि कॅमेरा त्याचा फोटो काढतो. मग दिशा म्हणून एक मुलगी आहे, इथल्याच एका कारखान्याच्या लॅबमध्ये काम करते, ती कंप्युटरवर त्यातल्या रेघा, डाग, बुरशी पुसते. फार खराब जागी सुट्टीचा अख्खा दिवस बसली तर जेमतेम अर्धं मिनिट पिक्चर साफ होतो. तुम्ही पाहिलंत तर खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसाल.

पालघरचं टॉकीज पाडलं तेव्हा मागच्या खोलीतलं सामान मनोरच्या एका भंगारवाल्याने उचललं. त्याच्याकडे मेहुलला ‘उतरणीची वाट’ मिळाला. सोळांपैकी पंधरा रिळं. सातवं नव्हतं.

नोव्हेंबरात मी सपनाच्या गोळ्या आणायला गेलो, तर दुकानाच्या काचेवर कागद चिकटवलेला: ‘उतरणीची वाट, रीळ क्र. ७, कुणाकडे असल्यास किंवा माहिती असल्यास कळवा.’ मी गोळ्या न घेताच घरी आलो. गोळ्या लांबच्या दुकानातून आणल्या आणि चार दिवस तिकडे फिरकलो नाही. पाचव्या दिवशी माळ्यावरून डबा उतरवला आणि पिशवीत घालून मेहुलकडे नेला. एका भंगारात सापडला, असं त्याला सांगितलं.

दादा, वर मी ‘सातवं नव्हतं’ असं लिहिलंय, जसं काही ते आपलं आपण निघून गेलं. आता नीट लिहितो.

त्या रिळात माझी आय होती. हे तुम्हाला माहीत आहे, तुम्हालाच माहीत आहे. आमच्या पाड्याजवळ रस्त्याचं काम चालू होतं तिथे पिक्चरवाले आले आणि खडी वाहणाऱ्या बायांचं शूटिंग करून गेले. त्यांत माझी आय, तानी. डोक्यावर पाटी, मागे वळते, कॅमेऱ्याकडे बघते आणि तोंडाला पदर लावून हसते. नऊ सेकंदं. पुढच्या हंगामात ती भिवंडीकडे वीटभट्टीवर गेली आणि तिथेच तापाने गेली. मी पोचलो तेव्हा सगळं उरकलं होतं. तिचा एकही फोटो कुणी कधी काढलेला नव्हता. आणि आठ-नऊ महिन्यांनी तुमच्या केबिनच्या भोकातून मी पडदा बघत होतो, तर ती वळून हसली.

मी तुम्हाला एवढंच बोललो, “दादा, ती माझी आय.” दुसऱ्या दिवशी खेळाच्या आधी मला लवकर बोलावलंत, सातवं रीळ चढवलंत आणि म्हणालात, “जा खाली. मदी बस, तितून बरं दिसतं.” रिकामं थिएटर आणि मी एकटा. पिक्चर होता तोवर रोज सकाळी तुम्ही माझ्यासाठी कार्बन जाळलात. मालकाला कळलं असतं तर?

पिक्चर उतरला. प्रिंट कंपनीला परत जाणार म्हटल्यावर मला काही सुचेना. बोईसरहून शेवटच्या खेळाचे डबे आणताना सातव्या डब्यातलं रीळ मी माझ्या खोलीवर काढून ठेवलं आणि डब्यात जुन्या जाहिरातींच्या फिल्मचे तुकडे भरले. तुम्ही डबे मोजलेत, सोळा भरले. उघडायला गेलात, मग माझ्याकडे बघून थांबलात. “तू आनलंस ना, मग बरोबर हाय.” आणि डबे पुरे असल्याची सही केलीत.

दुसऱ्या दिवशी कंपनीच्या माणसाने डबे उघडले. अपुरी प्रिंट घेणार नाही म्हणाला, मालकाशी भांडून तसाच गेला. मालक माझ्यावर ओरडायला लागले तेव्हा तुम्ही मध्ये आलात. “सही माजी हाय, चूक माजी. अंकुशला बोलू नका.” मी तिकिटाच्या खिडकीजवळ उभा होतो. तीन पावलांवर. माझ्या तोंडातून शब्द निघाला नाही.

लोकांना मी सांगत आलो की कमलाकांतदादांनी नोकरी सोडली. सोडली नव्हती, तुम्हाला काढलं. कोळ्याच्या घरात जन्मून तुम्हाला बोट लागायची, म्हणून तर तुम्ही ऑपरेटर झाला होतात. आणि तुम्हाला भावाच्या बोटीवर जावं लागलं. हे मला महिन्याभरातच कळलं होतं.

रिळाचं मी काय केलं, ते ऐका. माझ्याकडे कुठला प्रोजेक्टर? दुपारी सपना शेजारी गेली की फिल्म सोडवायची आणि उन्हात धरायची. नखाएवढी आय. तिचं वळणं नाही, हसणं नाही, नुसती एकाखाली एक उभी. पुढे तेही धाडस होईना. डब्याला पट्टी मारून माळ्यावर टाकला तो वीस-बावीस वर्षं उघडला नाही. सपनाने विचारलं तर कंपनीतलं जुनं सामान म्हणायचो.

मेहुलच्या खोलीत दिशाने डबा उघडला आणि आंबूस वास सगळीकडे पसरला. ती म्हणाली, “काका, बंद डब्यात फिल्म स्वतःच्याच वाफेने सडते. थोडी हवा लागत राहिली असती तर बरं झालं असतं.” ती पंधरा रिळं फुटक्या खिडकीच्या खोलीत राहून टिकली आणि मी जिवापाड जपलेलं सडलं. तीन आठवडे तिने ते चिमट्याने वेढा वेढा सोडवलं. आयच्या नऊ सेकंदांतली साडेपाच वाचली. मागे वळते, बघते, पदर तोंडाकडे नेते. हसण्याच्या फिल्मचे वेढे एकमेकांना चिकटून गेले होते, सोडवताना त्यांचा चुरा झाला.

कंप्युटरवर ती वळली तेव्हा मी खुर्चीला धरून उभा होतो. दादा, ती चाळिशीची आहे हो. मी आता तिच्या बापाच्या वयाचा दिसतो. दिशाने विचारलं, “कोण आहे ही?” तेव्हा मला खोटं बोलता आलं नाही. दोघांना सगळं सांगितलं. मेहुल म्हणाला, “काका, तुम्ही रीळ नेलं म्हणून प्रिंट इथे पडून राहिली. नाहीतर परत जाऊन केव्हाच नष्ट झाली असती. तुमच्यामुळेच वाचली.” चांगल्या मनाने बोलला तो. मला ते ऐकवेना. घरी येऊन सपनाला सांगितलं. ती म्हणाली, “माज्याशी नका बोलू. ज्यांची भाकरी गेली त्यांना लिवा.”

आता दोन कामं. सोळा फेब्रुवारीला, रविवारी सकाळी, बोईसरच्या एका हॉलमध्ये पिक्चर दाखवणार आहेत. शेवटी नावं येतात त्यांत माझं घालू नका म्हणून मी सांगितलंय, तुमचं घाला म्हटलं. मेहुल म्हणतो, आधी त्यांना विचारा.

दुसरं असं की प्रिंटचे रंग उडालेत, सगळं गुलाबी झालंय. दिशा रंग परत भरते, पण खरे कोणते होते ते पाहिलेल्या माणसानेच सांगायला हवं. आयचं लुगडं मी हिरवं सांगितलंय. पण ते पडद्यावरचं आठवतंय की घरचं, माझी खात्री होत नाही. तुम्ही ते रीळ माझ्याहून जास्त वेळा पाहिलंय.

आणि एक विचारायचं होतं. नेमकं सातवंच गेलं, तेव्हा तुम्हाला कळलं होतं ना?

माफी मागतो. अडतीस वर्षं उशिरा मागतो.

तुमच्या सहीमागे लपलेला,
अंकुश


वाणगाव
२८ जानेवारी

अंकुश,

पत्र मिळालं. लेकीनं वाचून दाकवलं, मंग मी स्वता चष्मा लावून वाचलं.

पयलं कामाचं. लुगडं हिरवं नाय, जांबळं. चोळी हिरवी. मला पक्कं म्हायीत हाय, कारन एका सकाळी कार्बन बारीक जळत होता नि तू खालून वरडलास, दादा उजेड वाडवा, आयचं जांबळं लुगडं काळं दिसतंय. त्या पोरीला सांग, फिक्कं नाय, पिकल्या जांबळासारकं.

नाव घालायचं तर घाला. नुसतं ऑपरेटर लिवा. मी ऑपरेटर होतो.

आता तू इचारलंस ते. सोळा डबे नि त्यातला सातवाच खोटा, मला कळनार नाय? तितंच कळलं, मालकासमोर. बोललो नाय ते तुज्यावर उपकार म्हनून नाय. मला वाटलं, पोरगा आज नाय तं उद्या घरी येल, सांगल, मंग दोगं जाऊन रीळ परत देऊ, काय तरी करू. आट दिवस घराभायेर गेलो नाय, तू येशील म्हनून. मंग बोटीवर गेलो. वीस वर्सं वकलो.

रीळ नेलंस त्याचा राग मला कदीच आला नाय. आय होती तुजी. तू आला नायस त्याचा आला. अजून हाय. पत्र वाचून कमी झाला असं मी खोटं लिवनार नाय.

हसन्याचं गेलं ते वाईट झालं. लय चांगली हसायची. तोंडाला पदर होता तरी डोळ्यांत दिसायचं. उजवा डोळा जास्त बारीक व्हायचा. तुला आटवत नसंल तं मी सांगीन.

माफी टपालातून मी घेत नाय. बोईसर सोडलं का पुडचं स्टेशन वाणगाव. सोळा तारकेला मला न्यायला मेडिकलवाल्याची गाडी धाडू नकोस. तू ये. सपनाला घेऊन ये. आदल्या दिवशीच ये, जेवायला.

वाट बगून दमलेला,
तुजा दादा
कमलाकांत