रांग तेरा, सीट नऊ

४ जानेवारी, रविवार
संकल्प: फुटबॉलचा सीझन संपेपर्यंत आपल्या क्लबची एकही मॅच चुकवायची नाही. स्टेडियममध्ये, हिच्या सीटवर बसून. ही एकोणीस वर्षं तिथे बसली. मी स्कूटरवरून गेटपर्यंत सोडायचो आणि परत दुकानात. चष्म्याचं दुकान रविवारीच चालतं, त्याला माझा इलाज नव्हता. एकदा तरी या, असं दर वर्षी म्हणायची. ऑक्टोबरमध्ये ही गेली. हिचं सीझन तिकीट मेपर्यंत आहे.
आज हिचा हिरवा मफलर घालून गेलो. हिच्या ग्रुपची मंडळी सरकली, जागा दिली. म्हणजे आपलं मानलं. सीट मात्र टुकार. समोर खांब, डावीकडचा गोलपोस्ट दिसतच नाही. ही म्हणायची, तिथून सगळं दिसतं. हिचा नंबर तपासायला हवा होता.
०-२ हरलो.

१ फेब्रुवारी, रविवार
हरलो. मध्यंतरात सगळ्यांना ऑफसाइड समजावून सांगितला. पुस्तक आणलंय. भोंगा (आवाजावरून पडलेलं नाव) म्हणाला की तो तीस वर्षं मॅच बघतोय. तरी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मोठ्या मनाचा माणूस.
एक गोल इतका देखणा झाला की मी उभा राहून टाळ्या वाजवल्या. तो त्यांचा होता. कुणी एक शब्द बोललं नाही. अशी समजूतदार माणसं शोधून सापडायची नाहीत.

१५ फेब्रुवारी, रविवार
पाचवा पराभव. मेहुण्याने (हिचा धाकटा भाऊ, ग्रुपचा म्होरक्या) जिन्याखाली बाजूला घेतलं. भाऊजी, राग मानू नका, पण तुम्ही आल्यापासून आपण एकदाही जिंकलो नाही, मंडळी तुम्हाला पनवती म्हणतात, असं म्हणाला. काही दिवस घरीच बसा. सीट रिकामी दिसायला नको म्हणून तिकीटही मागून घेतलं.
घरी येईपर्यंत वाईट वाटलं. मग विचार केला. परक्या माणसाला कोण पनवती म्हणतं? हक्क असतो तिथेच असं बोललं जातं. शिवाय खेळाडू धावतात, भोंगा ओरडतो, मी घरी बसणार. प्रत्येकाचं आपापलं काम.

१ मार्च, रविवार
घरी बसलो. जिंकलो! ग्रुपवर लिहिलं, तीन गुण माझ्याकडून. एकाने अंगठा दाखवला. बाकीचे आनंदात असणार.

२२ मार्च, रविवार
घरी बसूनही हरलो. असं कसं? कारण शोधलं: मी मफलर घातला होता. मेहुण्याला फोन केला. असेल असेल, असं म्हणाला आणि दहा मिनिटांत येऊन मफलर घेऊन गेला. त्याला हिच्या क्रीमचा वास आहे, धुवू नको, असं सांगितलं. हो म्हणाला.
कपाट उघडं राहिलं होतं. बराच वेळ लावलं नाही.

१२ एप्रिल, रविवार
नियम कडक केले. टीव्ही बंद, मोबाइल ड्रॉवरमध्ये. दुकानात एक गिऱ्हाईक स्कोअर सांगायला लागलं तेव्हा कानांत बोटं घातली. नंतर त्याच्या डाव्या डोळ्याची काच उजवीकडे बसवली. बरोबरी झाली. अर्धं श्रेय माझं.

३ मे, रविवार
हरलो. आता एकच मॅच उरली. हरलो तर क्लब खालच्या डिव्हिजनमध्ये.
नुसतं घरी बसून भागणार नाही. आज डोक्यात वीज चमकली! मी ज्यांच्यात बसतो ते हरतात ना? मग मी समोरच्या टीमच्या लोकांत बसणार! गनिमी कावा. त्यांच्या रंगाची पिवळी टोपी आणली. कुणाला सांगितलेलं नाही.

१७ मे, रविवार, संध्याकाळ
पलीकडच्या स्टँडमध्ये बसलो. शेजारी पिवळ्या स्वेटरमधले एक आजोबा. बसायला त्यांनी अर्धा पेपर फाडून दिला. नेहमी येता का, असं विचारलं. हो म्हणालो. कधी दिसला नाहीत, पण बसा, बसा, असं म्हणाले.
मध्यंतरात दुकानातली दुर्बीण लावली. रांग तेरा, सीट नऊ. मेहुण्याचा नवा जावई. गळ्यात हिचा मफलर, खांद्यावर भोंग्याचा हात. भोंगा हसत होता. मी त्याला हसताना कधी पाहिलं नव्हतं.
शेवटच्या दहा मिनिटांत आपला गोल. कावा फत्ते! पलीकडे सगळे एकमेकांच्या गळ्यात पडले. जावयाने मफलर वर उडवला. तो खालच्या रांगेत पडला. कुणीतरी उचलेल म्हणून मी मॅच सोडून तिकडेच बघत राहिलो. कुणी उचलला नाही.
मग मला रडू आलं. आजूबाजूला सगळेच रडत होते, त्यामुळे चालून गेलं. आजोबांनी पाठीवरून हात फिरवला. म्हणाले, हरलो तर हरलो, पुढच्या वर्षी आपण दोघं शेजारीच बसू. पाच महिन्यांत मला असं कुणी म्हणालं नव्हतं.

१८ मे, सोमवार
मेहुण्याचा मेसेज: घरी बसल्याबद्दल सर्वांतर्फे आभार, पुढच्या सीझनलाही असंच सहकार्य असू द्या. मी घरी नव्हतोच, हे कळवावं असं वाटलं. नाही कळवलं.
मफलर शोधायला स्टेडियममध्ये गेलो. वॉचमन म्हणाला, सकाळीच झाडून कचरा गेला. दमलो होतो, म्हणून नऊ नंबरवर टेकलो. आज समोर गर्दी नव्हती. पहिल्यांदाच ऑफसाइड कुणाला समजवायचा नव्हता.
खांबाच्या उजवीकडे दोन स्टँडच्या मधे फट आहे. फटीतून गेट दिसतं, गेटपुढचा रस्ता दिसतो, आणि रस्त्याच्या टोकाला माझं दुकान. बोर्ड वाचता येतो. काउंटरवरचा माणूससुद्धा दिसत असणार.
एकोणीस वर्षं ही खांबामागे बसली. मी गेटवर सोडून निघायचो तेव्हा एकदाही मागे वळून बघितलं नाही.
तासभर बसलो. वॉचमनने उठवलं.
संकल्प: यापुढे रविवारी दुकान बंद.