डोकं वेदीकडे

प्रिय दादा,

तुझ्या निवृत्तीनिमित्त गौरवग्रंथ निघतोय, त्यासाठी ‘बिशपसाहेबांच्या बालपणीच्या आठवणी’ पाठवा, असं तुझ्या सेक्रेटरीचं पत्र आलं. आठवणी पुष्कळ आहेत, पण छापायची त्याची छाती होणार नाही. पलंगावरची चादर अंगाभोवती गुंडाळून तू स्टुलावर उभा राहायचास आणि मला गुडघ्यांवर बसवून आशीर्वाद द्यायचास. मी हसले की लगेच आईकडे चहाडी. स्वभाव तोच राहिला, चादर तेवढी बदलली.

तू वर कसा चढलास ते मी जवळून पाहिलंय. आधीच्या बिशपची बॅग उचलत फिरलास, त्यांच्या रटाळ उपदेशांना माना डोलावल्यास आणि चव्वेचाळिसाव्या वर्षी बिशपचा जांभळा शर्ट अंगात घातलास. सेमिनरीत पाळकपण शिकताना तू आणि हे एकाच खोलीत होतात. तुझा पहिला उपदेश ह्यांनी लिहून दिला होता, हेही त्या ग्रंथात येऊ दे. हे मात्र गळकं छप्पर आणि फाटकी गीतपुस्तकं सांभाळत एकाच चर्चमध्ये एकतीस वर्षं पाळक राहिले.

मग त्या घटस्फोट झालेल्या नर्सचं लग्न निघालं. असं दुसरं लग्न चर्चमध्ये लावायला बिशपची परवानगी लागते, म्हणून ह्यांनी तुला तीन पत्रं लिहिली. तिन्ही वेळा तुझ्या ऑफिसातून ‘विचाराधीन’ एवढंच आलं. शेवटी ह्यांनी लग्न लावून टाकलं. तेव्हा आर्चबिशपची निवडणूक तोंडावर होती. तुला कडक दिसायचं होतं आणि बळी द्यायला घरचाच माणूस हाताशी होता. दोन ओळींच्या पत्रानं तू ह्यांचं पाळकपण काढून घेतलंस. एवढं करून आर्चबिशप काही झाला नाहीस. त्या दिवशी मला फार बरं वाटलं, उघड सांगते.

गेली नऊ वर्षं हे शेवटच्या बाकावर बसतात. तुझ्याविरुद्ध अवाक्षर काढत नाहीत, त्याचाच मला जास्त संताप येतो. त्याचा नाइलाज असेल, म्हणतात. डोंबलाचा नाइलाज!

आता डॉक्टरांनी दोन आठवडे सांगितलेत. परवा ह्यांनी जन्मात पहिल्यांदा स्वतःसाठी काही मागितलं. तुला ठाऊकच आहे, इतरांची शवपेटी चर्चमध्ये पाय वेदीकडे करून ठेवतात. पाळकाची मात्र डोकं वेदीकडे, म्हणजे शेवटच्या दिवशीही त्याचं तोंड आपल्या लोकांकडे राहतं. ह्यांना तसं ठेवलेलं हवंय. नवा पाळक बिशपच्या सहीशिवाय तयार नाही. रविवारी तू निवृत्त झालास की तुझी सही चालणार नाही आणि नवा बिशप यायला सहा महिने आहेत. ह्यांचं पाळकपण परत दिल्याचा कागद टाइप करून सोबत जोडलाय. सही कर. भेटायला येऊ नकोस. मी तुला माफ केलेलं नाही, करणारही नाही. पण काल ह्यांनी विचारलं, दादाचं उत्तर आलं का? मी हो म्हणून बसले. मग हे शांत झोपले. मला खोटी पाडू नकोस.

तुझीच, जन्मानं तरी,
धाकटी